कुत्र्याच्या वयाचा रकाना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे' अशी चौकट आली होती. हा हिशेब जुना आहे आणि चुकीचा आहे. कुत्रे वर्षाच्या आसपास वयात येते, पुढे म्हातारपणाचा वेग कमी होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०२० मध्ये १०४ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या डीएनएवरून दाखवले, की वर्षाचे कुत्रे साधारण तिशीतल्या माणसाजवळ जाते. शिवाय मोठ्या चणीची कुत्री लवकर थकतात, त्यामुळे थोराड ग्रेट डेन आणि चिमुकले पॉमेरेनियन यांना एकच सूत्र लागू पडत नाही. पण पत्र लिहायला बसलो ते दुसऱ्याच कारणाने.

मी सातारा जिल्ह्यात ३१ वर्षे पशुधन पर्यवेक्षक होतो. दवाखान्याच्या नोंदवहीत जनावराच्या वयाचा रकाना असतो. गाय-म्हैस आली की दात बघायचे, कितवे वेत ते विचारायचे. कुत्रे आले की मालक म्हणायचा, "असंल की चार-पाच वर्साचं," आणि मी 'प्रौढ' लिहून पुढच्या ओळीकडे वळायचो. कुत्र्याचे कायमचे दात सहा-सात महिन्यांतच येऊन जातात, नंतर त्यांच्या झिजेवरून सांगितलेले वय हा अंदाजच. शेकडो कुत्र्यांच्या नावापुढे मी हा एकच शब्द लिहिला. त्यात काय गमावले, ते निवृत्तीनंतर वाचायला लागल्यावर कळले.

अमेरिकेत इंडियाना राज्यात डेव्हिड वॉटर्स नावाचे पशुवैद्यक आहेत. त्यांनी रॉटवायलर ही एकच जात धरली. ही कुत्री साधारण नऊ-दहा वर्षे जगतात. जी तेरा ओलांडतात त्यांचे मालक शोधायचे, कुत्र्याची जन्मापासूनची हकिगत लिहून घ्यायची, असा त्यांचा क्रम. २००३ मध्ये त्यांच्या गटाने मांडले, की नेहमीइतके जगलेल्या रॉटवायलरांपैकी ८२ टक्के कर्करोगाने गेले होते, तर तेरा ओलांडलेल्यांपैकी फक्त १९ टक्के. म्हणजे दीर्घायुषी कुत्री आजार अंगावर काढत रेटत नव्हती. त्यांना मोठे आजार गाठतच होते उशिरा. माणसाच्या म्हातारपणाबद्दल आपल्याला हेच तर जाणून घ्यायचे आहे. कुत्रे आपल्याच घरात राहते, तीच हवा आणि तेच पाणी घेते, आणि त्याचे आयुष्य आखूड असल्याने एका संशोधकाला आपल्या हयातीत अनेक पिढ्या पाहता येतात.

याच गटाचा २००९ चा दुसरा निष्कर्ष असा, की ज्या माद्यांचे अंडाशय (नसबंदीत काढतात ते) निदान सहा वर्षे शाबूत राहिले, त्या तेरा वर्षे गाठण्याची शक्यता अंडाशय लवकर काढलेल्या माद्यांच्या चौपटीहून जास्त होती. कृपा करून याचा आधार घेऊन कोणी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीला विरोध करू नये. तो अभ्यास एका जातीचा, घरात सांभाळलेल्या कुत्र्यांचा आहे. रस्त्यावरच्या कुत्रीची पिल्ले पार्व्होने (विषाणूमुळे होणाऱ्या जुलाब-उलट्यांच्या रोगाने) आणि गाड्यांखाली मरताना मी पाहिली आहेत. गर्भाशयात पू होऊन शेवटच्या घटकेला आणलेल्या कुत्रीही पाहिल्या आहेत. नसबंदी झालीच पाहिजे.

आमच्या घरी वाघी आहे. साधी गावठी. येत्या वसुबारसेला तिला सोळा वर्षे पूर्ण होतील. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण कॅलेंडरवर त्या दिवशीच्या चौकोनात दुधाच्या हिशेबाखाली माझ्या पत्नीने 'काळीला ५ पिल्ले' (काळी म्हणजे वाघीची आई) असे लिहिले होते आणि ते कॅलेंडर आम्ही जपून ठेवले आहे. चार वर्षांपासून मी वाघीची वही ठेवतो. वजन १४ किलो. उजवा डोळा धुरकट. पायरी चढते, उतरताना थांबते. गेल्या पावसाळ्यापासून ती बाहेर जायचे असले की दाराच्या बिजागरीकडच्या कडेला नाक लावून उभी राहते. दार उघडते ते दुसऱ्या बाजूने, हे पंधरा वर्षे तिला ठाऊक होते. मी हलकेच मान धरून तिला इकडे वळवतो, मग ती जाते. ज्या दिवशी सकाळी ओढ्यापर्यंत फिरून येते, त्या रात्री तिचे उठणे, घरभर फिरणे कमी असते, असे वहीत दिसते.

एका कुत्रीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळते. पण अमेरिकेतल्या 'डॉग एजिंग प्रोजेक्ट' या कुत्र्यांच्या म्हातारपणाच्या अभ्यासात पन्नास हजारांवर पाळीव कुत्री आहेत आणि त्यांचे मालक अशाच नोंदी पाठवतात. त्यातल्या १५,०१९ कुत्र्यांच्या नोंदींत दिसले, की हालचाल नसलेल्या कुत्र्यांत विस्मरणाची शक्यता भरपूर हिंडणाऱ्यांच्या सहापटीहून जास्त आहे. आधी बसून राहणे आले की आधी विस्मरण, हे त्यावरून ठरत नाही. ते ठरायला त्याच कुत्र्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात.

नोंद नसली की काय होते, ते पोर्तुगालच्या बोबीने दाखवले. ३० वर्षांचा म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये गिनीज बुकात त्याचे नाव लागले, तो ऑक्टोबरमध्ये गेला, आणि वयाचा ठोस पुरावा नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये तो विक्रम रद्द झाला. बोबी खरोखर किती वर्षांचा होता, हे आता कधीच कळणार नाही. उलट हंगेरीत बुडापेस्टच्या संशोधकांनी २२ आणि २७ वर्षांच्या दोन कुत्र्यांचा डीएनए वाचला. दोन्ही मिश्र जातीची होती. आपल्या वाड्यावस्त्यांवर अशी म्हातारी गावठी कुत्री किती असतील, कोणी मोजलेले नाही.

माझी विनंती साधी आहे. पिल्लू घरी आले, की लसीच्या कार्डावर जन्माची तारीख लिहा. ती ठाऊक नसेल तर आणल्याची तारीख आणि त्या वेळी दुधाचे दात होते की नाही, एवढे तरी लिहा. कुत्रे गेले, तर कधी आणि कशाने, ते त्याच कार्डावर लिहून कार्ड ठेवून द्या. दवाखान्यात काम करणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनी तो रकाना 'प्रौढ' लिहून भरू नये. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आमच्याच जिल्ह्यात आहे. तिथल्या कोणा विद्यार्थ्याने गावठी कुत्र्यांच्या वयाचा अभ्यास हाती घेतला, तर वाघीची वही आणि ते कॅलेंडर मी स्वतः एसटीने नेऊन देईन.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक
कोरेगाव, जि. सातारा