घराच्या कागदांतलं जुनं पान

प्रिय सुध्या,

घर घेतल्याचं फोनवर सांगितलं, पण एक गोष्ट मुद्दाम पत्रासाठी राखून ठेवली. घर १९४० चं, इथे अमेरिकेतलं. कागदांच्या चळतीत एक पिवळं पान निघालं: या जागेत गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहायचं नाही, घरगडी असेल तर चालेल. म्हणजे तुझा मित्र इथे भांडी घासायला आला असता, तर कुणाची हरकत नव्हती!

अशा अटी कोर्टांनी राबवायच्या नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये ठरवलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग रविवारी डेट्रॉइटची ती भिंत बघून आलो. सहा फूट उंच, अर्धा मैल लांब. १९४१ मध्ये एका बिल्डरला काळ्यांच्या वस्तीला लागून गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. सरकारच्या ‘फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन’ने, म्हणजे गृहकर्जांच्या खात्याने, पाठबळ द्यायला नकार दिला. पठ्ठ्याने मधे भिंत घातली आणि काम फत्ते! हे खातं स्वतः कर्ज देत नसे, बँकेच्या कर्जाचा विमा उतरवी. विमा असला की सुरुवातीला भरायची रक्कम थोडी लागे नि हप्ते जास्त वर्षांत फेडता येत. लोक शहरांच्या त्या जुन्या सरकारी नकाशांना बोल लावतात, ज्यांत काळ्यांच्या वस्त्यांसकट काही भाग कर्जासाठी धोक्याचे म्हणून लाल रंगवले होते; पण ते काढणाऱ्या संस्थेने काळ्यांनाही कर्जं दिली होती. माझ्या मते खरी मेख विम्याच्या नियमांत होती. वस्ती मिसळली की किंमत पडते, हे विमा उतरवणाऱ्या खात्याने गृहीतच धरलं होतं.

आज भिंतीच्या दोन्ही बाजूंना काळी कुटुंबंच राहतात, तिच्या एका भागावर छान चित्रं आहेत. काळ्या-गोऱ्यांमधली सीमा सरकून एट माईल रोडवर गेली: दक्षिणेला शहर, उत्तरेला आमची उपनगरं.

सुध्या, तू हिशेबातला माणूस, म्हणून विचारतो. एकाने १९५० पासून हप्ते भरले, दुसऱ्याने तितकीच वर्षं भाडं. पंचवीस वर्षांनी पहिल्याकडे घर, त्यावर कर्ज काढून पोराचं कॉलेज. दुसऱ्याकडे भाड्याच्या पावत्या. १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाला बंदी केली, पण हुकलेले हप्ते कोण परत देणार? २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या (इथल्या मध्यवर्ती बँकेच्या) पाहणीत क्रमाने अगदी मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची कर्ज वजा जाता मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर होती, तशाच काळ्या कुटुंबाची सुमारे ४५,०००. उन्हाळ्यातसुद्धा फरक आहेच. १०८ शहरं तपासली, तर त्या नकाशांवरचे लाल भाग इतरांपेक्षा सरासरी २.६ अंश सेल्सिअसने जास्त तापलेले. झाडं कमी, डांबर जास्त.

आणि मी? बाहेरून आलो, पगाराच्या स्लिपा दाखवल्या, कर्ज चार दिवसांत मंजूर. तेव्हा स्वतःची पाठ थोपटून घेतली होती, आता जरा अवघडल्यासारखं होतं.

ती अट अर्ज करून रद्द करून घेता येते. बायको म्हणते, करून टाक. मी ते पान अजून टेबलाच्या खणात ठेवलंय. तू आलास की दाखवीन.

तुझा,
अव्या