फातिमा मातेची मूर्ती आपल्या चर्चमध्ये येत आहे

सर्व कुटुंबांना प्रेमाचा नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी 5 वाजता फातिमा मातेची, म्हणजे पवित्र मरिया मातेची, गावोगावी फिरणारी यात्रेकरू मूर्ती सोलापुरात आपल्या चर्चमध्ये येत आहे. 1917 साली पोर्तुगालमधल्या फातिमा गावी लुसिया, फ्रान्सिस्को आणि जासिंता या मेंढरं राखणाऱ्या मुलांना मातेने दर्शन दिलं आणि रोज जपमाळ करायला सांगितलं. मोठ्या माणसांना नव्हे, लेकरांना! म्हणून मिरवणुकीत मुलं पुढे चालतील. 1947 साली अशी पहिली मूर्ती फातिमाहून जगाच्या प्रवासाला निघाली.

स्वागत फाटकापाशी, लगेच जपमाळ. जपमाळेची पाच रहस्यं, म्हणजे येशू आणि मरियेच्या जीवनातल्या प्रसंगांवर मनन करत म्हणायचे पाच भाग, मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत होतील. आपल्याकडे घराघरात बोली वेगळी, तेव्हा ज्याने त्याने आपल्या भाषेत मोठ्याने म्हणावं. त्यानंतर मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना). रात्री 10 पर्यंत दर्शन, रविवारी सकाळच्या मिस्सानंतर निरोप.

- जपमाळ घरून आणा.
- मूर्तीला, विशेषतः मुकुटाला, हात लावू नका. हार गळ्यात न घालता पायथ्याशी ठेवा.
- मेणबत्त्या बाहेरच्या वाळूच्या ट्रेमध्येच लावा.
- गाड्या रस्त्यावर लावू नका.

आजारी व वृद्धांसाठी पुढचे बाक राखले आहेत. कुणाला घरून आणायचं असेल तर शुक्रवारपर्यंत सिस्टरांना कळवा, रिक्षा पाठवू.