पहिली केस साडेदहाला का?

संपादक महोदय,

सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, अशी बातमी आली की डॉक्टर कमी, टेबले कमी, निधी कमी, एवढेच वाचायला मिळते. ते खरेच आहे. पण ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर म्हणून तीस वर्षे काढल्यावर सांगावेसे वाटते की, जे टेबल आहे तेही सकाळी बराच वेळ रिकामे असते.

आमची ऑपरेशनांची लिस्ट नऊची, पहिली केस टेबलावर यायची साडेदहाला. सर्जन उशिरा येतात, असे सगळेच धरून चालले होते. मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर रोजचे कारण लिहू लागले. दोन महिन्यांत सर्जनच्या नावावर निघाले सहा दिवस! बाकीचे असे: रुग्ण ऑपरेशनला योग्य असल्याचा, म्हणजे फिटनेसचा कागद वॉर्डातच राहिला. रक्ताचा रिपोर्ट फाइलला नाही. संमतीवर सही नाही आणि नातेवाईक चहाला गेलेले. ट्रॉली एकच, तिचे चाक अडलेले. रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी सापडेना.

माझे यजमान भोसरीच्या कारखान्यात होते. कॅलेंडर पाहून म्हणाले, "याला आमच्याकडे मुदा म्हणतात." हा टोयोटातला जपानी शब्द, अर्थ वाया जाणे. तिथल्या ताइची ओनो यांनी वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सांगितले, त्यांत वाट पाहत बसणे आणि उगाच हिंडणे हेही आले. हीच पद्धत पुढे 'लीन' झाली. २००२मध्ये सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे वरिष्ठ ती पाहायला थेट जपानी कारखान्यांत गेले. आपल्या जवळचे उदाहरण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे. १९७६मध्ये ११ खाटांवर ते सुरू झाले. तिथे एका टेबलावर ऑपरेशन चालू असताना पुढचा रुग्ण शेजारच्या टेबलावर तयार असतो. अर्थात, मोतीबिंदू सांगून येतो, फुटलेले आतडे सांगून येत नाही. त्यामुळे पोटाच्या थिएटरात तशीच नक्कल जमायची नाही.

आम्ही फार काही केले नाही. आदल्या संध्याकाळी आमच्यातली एक जण वॉर्डात जाऊन उद्याच्या फाइली बघू लागली. हर्नियाच्या हत्यारांचा सेट वेगळा बांधला, वर यादी चिकटवली. ट्रॉली ढकलणाऱ्या मामांना तिच्या चाकाचे विचारले, तर म्हणाले, "सिस्टर, बेअरिंग गेलंय. चार महिने सांगतोय." तोवर कुणी त्यांचे ऐकलेच नव्हते. पहिली केस साडेनऊच्या आत येऊ लागली.

या उशिरात भरडला जातो तो लिस्टमधला शेवटचा रुग्ण. रात्री बारापासून आजीबाईंच्या तोंडात पाण्याचा थेंब नसतो आणि दुपारी चारला निरोप येतो, "आज होत नाही, उद्या बघू." एरवी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते, असे भूलशास्त्राचे नियमच सांगतात. पण आपला नंबर कधी लागेल याचा भरवसा नसल्याने सरसकट सगळ्यांनाच कोरडे ठेवले जाते.

मात्र 'लीन' म्हणजे माणसे कमी करा, असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडे मोजणे, रुग्णाचे नाव आणि ऑपरेशनची बाजू विचारणे, यातले एक मिनिटही वाचवायचे नाही. हेच सारे विचारणारी जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले होते. ते निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक थिएटरच्या दाराशी एक फळा लावावा आणि त्यावर रोज लिहावे: पहिला छेद किती वाजता, उशीर झाला तर कशामुळे. खडूचा खर्च मी देईन.

– एक निवृत्त थिएटर सिस्टर, पुणे