बालीतील न्येपीच्या, म्हणजे संपूर्ण बेट बंद असलेल्या मौनाच्या, दिवशीची सहल विकल्याबद्दल तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत

नाशिक
दिनांक : २१ एप्रिल २०२५

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : २८ मार्च ते ३ एप्रिल २०२५ या काळातील ‘पाडवा विशेष’ बाली सहलीत २९ मार्च रोजी न दिलेल्या सेवेचे पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या नाशिक शाखेतून आम्ही चौघांनी, म्हणजे मी, माझे यजमान, आमची सोळा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या माझ्या सासूबाई यांनी, वरील सहल केली. जीएसटी धरून २,६४,००० रुपये आणि टीसीएसचे, म्हणजे सहलीच्या रकमेवर आपण आयकरापोटी गोळा करता त्या कराचे, १३,२०० रुपये असे एकूण २,७७,२०० रुपये आम्ही दोन हप्त्यांत भरले. या सहलीबाबतची माझी पहिली तक्रार मी ५ एप्रिल रोजी ईमेलने पाठवली होती. त्यावर ९ एप्रिलला आलेले आपले उत्तर मला मान्य नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आमचे उत्पन्न मध्यम आहे आणि परदेशी जाण्याची ही आमची पहिलीच वेळ होती. हे पैसे मी दोन वर्षे चालवलेल्या भिशीतून आणि पोस्टातील आवर्ती ठेवीतून उभे केले होते, त्यामुळे सहलीचा प्रत्येक दिवस मी वहीत लिहून आखला होता : कोणत्या दिवशी कुठे जायचे, कोणते जेवण कंपनीकडून आहे, कोणते आपल्याला विकत घ्यायचे आहे आणि वरखर्चाला दिवसाचे किती ठेवायचे. आपले विक्री प्रतिनिधी दोनदा घरी आले, तेव्हा ती वही मी त्यांच्यासमोर उघडून ठेवली होती. ४ एप्रिलला निघणाऱ्या सहलीपेक्षा २८ मार्चची सहल माणशी ३,००० रुपयांनी स्वस्त होती. तिचा दर कमी का, असे मी स्पष्ट विचारले होते. ‘पाडव्यानिमित्त सवलत आहे’ एवढेच उत्तर मला मिळाले. दहावीची परीक्षा १७ मार्चला संपत असल्यामुळे आम्हाला दोन्ही तारखा चालण्यासारख्या होत्या. बारा हजार रुपये वाचतात म्हणून आम्ही २८ मार्च निवडली आणि त्यातून मुलीसाठी नुसा पेनिडा बेटाची बोटीची सहल माणशी ४,८०० रुपये, म्हणजे एकूण १९,२०० रुपये, जादा भरून घेतली. त्या बेटावरील केलिंगकिंगच्या कड्याचे चित्र तिने वर्षभर अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवले होते. आपल्या छापील कार्यक्रमपत्रिकेत ही सहल दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवार २९ मार्च रोजी, सकाळी सात वाजता गाडीने सानूर बंदराकडे प्रस्थान, अशी नोंदवलेली आहे.

२९ मार्च २०२५ हा बालीतील न्येपीचा दिवस होता. बालीच्या हिंदू समाजाचे शक नववर्ष या दिवशी सुरू होते आणि सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत संपूर्ण बेट मौन पाळते. त्या चोवीस तासांत आग किंवा दिवा लावायचा नाही, काम करायचे नाही, प्रवास करायचा नाही आणि करमणूक करायची नाही, असे चार नियम असतात. विमानतळ पूर्ण बंद असतो, बंदरांतून बोटी सुटत नाहीत, मोबाइलचे इंटरनेट बंद ठेवले जाते आणि परदेशी पाहुण्यांनाही मुक्कामाच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. अशा दिवशी सकाळी सात वाजता गाडी आणि त्यानंतर बोट देण्याचे आपण लेखी कबूल केले आणि त्याचे पैसे घेतले. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

प्रत्यक्षात काय झाले तेही सांगणे आवश्यक आहे. २८ तारखेला दुपारी आम्ही विमानतळावर उतरलो. न्येपीच्या आदल्या संध्याकाळी गावोगावी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमांची मिरवणूक निघते आणि त्यासाठी रस्ते बंद होतात, हे आम्हाला गाडीत बसल्यावर चालकाकडून कळले. उबुदमधील आमच्या गेस्ट हाऊसच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे गाडी थांबली आणि तिथून सामान ओढत आम्हाला चालावे लागले. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. वाटेत तीन ठिकाणी त्यांना लोकांच्या ओट्यावर बसवावे लागले. आम्ही पोहोचलो तेव्हा गल्लीतील दुकाने बंद झाली होती. एका बाईंनी अर्धे शटर वर करून आम्हाला केळी, ब्रेड आणि नूडल्सची चार पाकिटे दिली. आपल्या पत्रिकेत २८ आणि २९ या दोन्ही रात्रींचे जेवण भारतीय उपाहारगृहात असे लिहिलेले होते. दोन्ही रात्री ते उपाहारगृह बंद होते.

गेस्ट हाऊसच्या मालकांनी आम्हाला सूचनांचा एक कागद दिला आणि उद्याचे खाणे आजच जमवून ठेवा असे सांगितले. मी त्यांना आपली कार्यक्रमपत्रिका दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि हात जोडून सांगितले की उद्या सानूरला कोणीच जाऊ शकत नाही, गाडी तर सोडाच, रस्त्यावर माणूसही दिसणार नाही. मी आपल्या ‘चोवीस तास मदत’ क्रमांकावर तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी नाशिकहून एका कर्मचाऱ्याने फोन उचलला आणि माझे म्हणणे पूर्ण ऐकून न घेता सांगितले, “मॅडम, उद्या सकाळी सात वाजता गाडी येईल, वेळेवर तयार राहा.” हा संवाद मी त्याच रात्री वहीत वेळेसह लिहून ठेवला आहे : भारतीय वेळेनुसार सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे, म्हणजे बालीत आठ वाजून चाळीस मिनिटे. जी कंपनी लोकांना बालीला पाठवते, तिच्या मदत कक्षात बसलेल्या माणसाला न्येपी हा शब्दही ठाऊक नव्हता, हे मला त्या दिवसातील सर्वांत गंभीर वाटते. त्याच्यावर विसंबून आम्ही सकाळी रस्त्यावर जाऊन उभे राहिलो असतो, तर काळा-पांढरा चौकडीचा कपडा कमरेला गुंडाळून गस्त घालणाऱ्या पेचालांग मंडळींनी आम्हाला परत आत पाठवले असते आणि त्या गावाच्या व्रताचा भंग केल्याचा दोष आमच्या माथी आला असता.

न्येपीबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. त्या दिवशी गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंनी आदल्या रात्री शिजवून झाकून ठेवलेला भात आणि उकडलेली रताळी आम्हाला आणून दिली. आम्ही घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी त्यांना दिली. सासूबाईंनी स्वतःहून दिवसभर मौन पाळले. रात्री एकही दिवा नव्हता आणि खोलीच्या पायरीवरून इतके तारे दिसले की मुलगी बराच वेळ तिथून उठली नाही. हे व्रत आहे हे आम्हाला नाशिकलाच सांगितले असते, तर आम्ही कदाचित मुद्दाम तीच तारीख निवडली असती, सोबत पुरेसा शिधा घेतला असता, सासूबाईंसाठी एक दिवस आधी पोहोचण्याची सोय पाहिली असती आणि नुसा पेनिडाचे १९,२०० रुपये त्या दिवसासाठी भरले नसते. हा निर्णय आमचा होता. माहिती दडवून आपण तो आमच्या हातून काढून घेतला. पैसे मोजून प्रवास करणाऱ्या कुटुंबाला दुसरा दिवस विकत घेण्याची ऐपत नसते, म्हणून तर ते तारखा पाहून आखणी करते.

आपल्या ९ एप्रिलच्या उत्तरात असे म्हटले आहे की, ‘स्थानिक प्रशासनाने लागू केलेल्या बंदमुळे व नियंत्रणाबाहेरील अनपेक्षित परिस्थितीमुळे’ २९ मार्चचा कार्यक्रम रद्द झाला आणि अटींनुसार परतावा देय नाही. हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. न्येपी ही इंडोनेशियाची राष्ट्रीय सुट्टी आहे, तिची तारीख कितीतरी आधी जाहीर होते आणि विमानतळ दर न्येपीला बंद राहत असल्यामुळे विमान कंपन्याही आपली वेळापत्रके त्यानुसारच लावतात. आम्हाला २८ तारखेलाच उतरवणारे विमान आपण आरक्षित केले, ते २९ ला तिथे विमान उतरतच नाही म्हणून. म्हणजे आपल्या आरक्षण विभागाला जे माहीत होते, ते कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्या विभागाने ग्राहकाला सांगितले नाही. शिवाय ही सहल आपण ‘पाडवा विशेष’ म्हणून विकली. आपल्याकडे गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि शके १९४७ सुरू झाले. बालीतही त्याच्या आदल्याच दिवशी शक १९४७ सुरू झाले. पाडव्याच्या नावाने जाहिरात करणाऱ्या कंपनीला ही गोष्ट अनपेक्षित होती, हे मी मान्य करू शकत नाही.

नुसा पेनिडाची सहल दुसऱ्या दिवशी देण्याची विनंतीही आम्ही केली होती. ३० तारखेला गाडी आठऐवजी अकरा वाजता आली आणि ३१ मार्चला ईद असल्याने इंडोनेशियाभरच्या सुट्ट्यांची गर्दी बालीत लोटली होती. आपल्या तिथल्या प्रतिनिधींनी सांगितले की कूपन फक्त २९ तारखेचे आहे, नव्याने जायचे असल्यास माणशी ४,००० रुपये पुन्हा भरा. आमच्या वहीत तेवढी रक्कम उरलेली नव्हती. मुलीने हट्ट केला नाही, पण ते बेट न पाहताच ती परत आली.

दुसरी बाब प्रवेश शुल्कांची आहे. पत्रिकेवर ‘सर्व करांसह’ असे ठळक छापलेले असताना विमानतळावर आगमन व्हिसासाठी माणशी ५,००,००० रुपिया (इंडोनेशियाचे चलन) आणि १४ फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना लागू असलेल्या बालीच्या पर्यटन शुल्कापोटी माणशी १,५०,००० रुपिया आम्हाला स्वतः भरावे लागले. चौघांचे मिळून २६ लाख रुपिया झाले आणि कार्डावरून १४,१०० रुपये गेले. ही आमच्या सहा दिवसांच्या वरखर्चाची जवळजवळ निम्मी रक्कम होती. हे खर्च ‘वैयक्तिक स्वरूपाचे’ आहेत असे आपण आता म्हणता. ज्याशिवाय बेटावर जाता येत नाही तो खर्च वैयक्तिक कसा, आणि तो वैयक्तिक असेल तर पत्रिकेत तसे का लिहिले नाही, याचे लेखी उत्तर मला हवे आहे.

टीसीएसबाबतही खुलासा करावा. डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्या हप्त्याबरोबर घेतलेले ६,६०० रुपये यजमानांच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडील जमा कराच्या विवरणात, अद्याप दिसत नाहीत. त्या तिमाहीचे २७डी, म्हणजे टीसीएस घेतल्याचे, प्रमाणपत्र तातडीने द्यावे.

यास्तव आपण नुसा पेनिडाचे १९,२०० रुपये, व्हिसा व पर्यटन शुल्काचे १४,१०० रुपये आणि न दिलेल्या दोन रात्रींच्या जेवणाचे, माणशी एका जेवणाचे ७०० रुपये याप्रमाणे, ५,६०० रुपये, असे एकूण ३८,९०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत यजमानांच्या खात्यावर जमा करावेत, अशी माझी मागणी आहे. पुढील सहलीच्या सवलतीचे कूपन मला नको आहे. मुदतीत रक्कम न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या कारणांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आणखी एक मागणी पैशांशी संबंधित नाही, पण ती मी तितक्याच आग्रहाने करते. पुढील वर्षी न्येपी १९ मार्च २०२६ रोजी आहे आणि आपला पाडवाही त्याच दिवशी आहे. आपल्या शाखेच्या काचेवर ‘पाडवा २०२६ – लवकर नोंदणी’ हा फलक मी गेल्याच आठवड्यात पाहिला आणि त्यात १७ ते २३ मार्चची बाली सहल आहे. त्या सहलीच्या पत्रिकेत न्येपीची तारीख, त्या दिवशी बाहेर पडता येत नाही ही गोष्ट आणि आदल्या संध्याकाळी रस्ते बंद असतात ही सूचना मराठीत, ठळक अक्षरांत छापावी, आणि ज्यांनी आधीच पैसे भरले आहेत त्यांना फोन करून कळवावे. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी वयस्कर माणूस असेल, तर आदल्या दिवशी पोहोचण्याऐवजी दोन दिवस आधी पोहोचण्याचा पर्याय त्यांना द्यावा.

सोबत कार्यक्रमपत्रिका, दोन्ही पावत्या, नुसा पेनिडाचे न वापरलेले कूपन, गेस्ट हाऊसने दिलेला सूचनांचा कागद, कार्डाचे विवरण आणि आपल्या ९ एप्रिलच्या ईमेलची प्रत जोडली आहे. मूळ कागद माझ्याजवळ आहेत.

कळावे,

आपली,
(सही)
सहलीची नोंदणी करणारी ग्राहक