फोटोबद्दल

वसई, ३ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पैसे पोचले. पंचवीस हजार, वर तू काहीच कळवलं नव्हतंस ते हजार रुपये मेणबत्त्यांचे. काल मृतांचा दिवस होता, म्हणून ते हजार कालच खर्च झाले. संध्याकाळी फादरांनी सगळ्या कबरींवर तीर्थ शिंपडलं तेव्हा मी तुझ्या आईजवळ उभा होतो. झेंडूच्या माळा घातल्या, चार मेणबत्त्या लावल्या. खाडीकडून वारा सुटला होता, त्यामुळे दोन सारख्या विझत होत्या. शेवटी नारळाच्या करवंटीत उभ्या केल्या तेव्हा टिकल्या.

आता पंचवीस हजारांबद्दल. तू लिहिलंयस, की १६ तारखेला गरिबांच्या रविवारी मिस्साची उपासना झाल्यावर देवळासमोर दहा कुटुंबांना धान्य द्यावं, मागे आईच्या नावाचा बॅनर असावा आणि फोटो पाठवावा, म्हणजे तिकडे मुलांना दाखवता येईल. धान्य दिलं जाईल. बॅनर आणि फोटो मी करणार नाही. असं तोडून सांगतोय म्हणून रागावू नकोस. पत्र लांबणार आहे, रविवारी निवांत वाच.

तू गेलास तेव्हाचा आपला धर्मग्राम, आपल्या देवळाची ही सगळी वस्ती, आता ओळखू यायची नाही. तेव्हा सगळ्या वाड्या मिळून एक कुटुंब होतं. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पानवेलीवर रोग पडला, हे सकाळच्या मिस्साला कळायचं. आता बावखलं, आपली ती तळी, बुजवून इमारती उभ्या राहिल्या आहेत. गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे लोक राहायला आले आहेत आणि इंग्रजी मिस्साला बाहेरच्या पायऱ्यांपर्यंत गर्दी असते. पहाटेची सहाची मिस्सा मात्र मराठीच आहे. तुझी आजी लॅटिन मिस्सा चालू असताना बाकावर मराठीत जपमाळ ओढायची, असं तू सांगायचास. कॅथलिक चर्चची व्हॅटिकनची दुसरी महासभा १९६५ साली संपली. त्यानंतर वेदीवरची प्रार्थना आपल्या भाषेत आली आणि आपण तीच ऐकत मोठे झालो. पहाटे शंभर-सव्वाशे माणसं एका सुरात 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतात तेव्हा मला आजही भरून येतं.

एवढी माणसं वाढली, पण शेजारची खोली परकी झाली. भाड्याच्या खोलीत कोण उपाशी झोपतं, हे मिस्साला कळत नाही. त्यासाठी उठून जावं लागतं. आमची व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी तेच काम करते. सात वर्षं झाली मला तिच्यात. तुला वाटतं ही धान्य वाटणारी मंडळी. मलाही तसंच वाटायचं. खरं काम आहे घरी जाण्याचं. दोघादोघांनी जायचं, बसायचं, ऐकायचं. पिशवी हे नंतरचं.

ही सोसायटी सुरू कशी झाली, ते मी आत शिरल्यावर वाचलं. पॅरिसमध्ये १८३२ साली कॉलऱ्याने माणसं पटापट मरत होती. विद्यापीठातल्या एका वादसभेत फ्रेडरिक ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याला कुणीतरी विचारलं, तुमच्या चर्चने पूर्वी पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही काय करता? त्याला तो प्रश्न लागला. २३ एप्रिल १८३३ला, ज्या दिवशी तो वीस वर्षांचा झाला त्याच दिवशी, मूठभर मित्र पहिल्यांदा जमले. त्यांना काही येत नव्हतं. गरिबांच्या वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांच्याकडे ते शिकायला गेले. कुठल्या घरी जायचं, कसं बोलायचं, हे सिस्टरांनी दाखवलं आणि पहिली पावाची कुपनंही या पोरांनी त्यांच्याकडूनच घेतली. ओझानाम चाळिसाव्या वर्षी गेला. वीस वर्षांच्या पोरांनी सुरू केलेलं काम आज आपल्या देवळाच्या मागच्या खोलीत दर सोमवारी चालतं, हे मनात आलं की त्या खोलीतल्या मोडक्या खुर्चीलाही मान द्यावासा वाटतो.

आमच्या सभेत एक प्रथा आहे, ती तुला नीट सांगायला हवी. प्रार्थना होते, कोण कुणाच्या घरी गेलं ते सांगून होतं आणि शेवटी एक पिशवी फिरते. तिला गुप्त पिशवी म्हणतात. आमची मखमली आहे, लाल, आता विटकरी झालेली. प्रत्येकाने मिटलेली मूठ आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. कुणी पाचशे टाकले, कुणी दहाचं नाणं आणि कुणी काहीच टाकलं नाही, हे कुणाला कळत नाही. आमच्यात एक फुलवाली आहे. ज्या आठवड्यात दादरच्या बाजारात फुलांना भाव मिळत नाही त्या आठवड्यातही तिची मूठ आत जाते आणि तिच्याकडे कुणी पाहत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आधी मी खजिनदार होतो. मला हौस वाटली की यंदा वाटप नीटनेटकं करू. यादी केली, हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या, माईक लावला. एकेकाचं नाव पुकारायचो, तो पुढे यायचा, पिशवी घ्यायचा, टाळ्या. सातवं नाव आपल्या शिंपीकाकांचं होतं. आठवतात ना? आपण पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला त्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे शर्ट त्यांनीच शिवले होते. तुझ्या शर्टाची बाही आखूड झाली म्हणून तू रडलास आणि त्यांनी रात्री जागून नवी लावली. तयार कपड्यांनी धंदा बसला, मग डोळे गेले, मुलगा विचारत नाही. मी माईकवर त्यांचं पूर्ण नाव घेतलं. ते उठले, आले, दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि मागच्या दाराने गेले. त्यानंतर तीन महिने ते सहाच्या मिस्साला दिसले नाहीत. शेवटच्या बाकाच्या टोकाची त्यांची जागा रिकामी असायची. मी आधी म्हटलं, थंडी आहे. मग म्हटलं, गुडघे धरले असतील. मला खरं काय ते कळत होतं.

इस्टरआधीच्या उपवासकाळात एका सोमवारी त्यांच्याकडे गेलो. जोडीदाराला नेलं नाही. दहा बाय बाराची खोली, भिंतीला टेकवून झाकलेलं शिलाई मशीन, त्यावर मरीयामातेची तसबीर आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. खुर्ची एकच. त्यांनी मला तिच्यावर बसवलं आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले. काही न बोलता चहा ठेवला. हाताने चाचपत साखरेचा डबा काढला आणि तीन चमचे घातले. मला साखरेचं पथ्य आहे, हे तुला माहीत आहे. मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच थांबलो. त्या घरात त्यांच्याकडे मला द्यायला तेवढंच होतं. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.

मग मी माफी मागितली. ते बराच वेळ मशीनकडे बघत राहिले. म्हणाले, "ती तुमची लाल पिशवी मीच शिवलेली आहे, ठाऊक आहे का? तेव्हाच्या फादरांनी कापड आणून दिलं. म्हणाले, तोंड लहान ठेव, एकच मूठ आत गेली पाहिजे, आणि आतलं कुणाला दिसता कामा नये." एवढंच. आणखी एक शब्द बोलले नाहीत. मला विचारलं, तुझी पोरं कशी आहेत?

घरी येताना सायकल हातात धरून चालत आलो. देणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून आम्ही पिशवीचं तोंड मोजून शिवून घेतलं, जपलं. घेणाऱ्याचं नाव मी माईकवर पुकारलं. त्या रात्रीपासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

घेणं फार अवघड असतं रे. इस्टरआधीच्या आज्ञा गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. यंदा त्यांनी देऊळ झाडणाऱ्या मावशीला बसवलं होतं. पोप फ्रान्सिस यांनी २०१६मध्ये नियम बदलल्यापासून बायकांनाही बसवता येतं. ती टाचांच्या भेगा दिसू नयेत म्हणून पाय खुर्चीखाली ओढत होती. फादर गुडघ्यावर बसून वाट बघत राहिले. शेवटी तिने डोळे मिटले आणि पाय पुढे केला. शुभवर्तमानात शिष्य पेत्रसुद्धा येशूला म्हणतोच ना, तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत. मला आतापर्यंत त्यात पेत्राची नम्रता दिसायची. यंदा त्या मावशीकडे बघताना वाटलं, त्याला संकोच झाला असणार, आपल्या पायाची घाण गुरूने बघावी याचा.

तू म्हणशील, पावती तर हवी. मागच्या सभेतही दोघांनी हेच म्हटलं: परदेशातले लोक पैसे पाठवतात, त्यांना पुरावा नको का? हवा. हिशेब चोख हवा, यावर माझं दुमत नाही. प्रेषितांच्या काळातही मंडळीत कुरबुर झाली ती रोजच्या शिध्यावरूनच, ग्रीक बोलणाऱ्या विधवा वाटपात सुटतात म्हणून. त्यासाठी सात जण निवडले. म्हणजे वाटप नीट होणं हे सुरुवातीपासून श्रद्धेचं काम आहे. मी तुला रुपयान् रुपयाचा कागद पाठवीन: तांदूळ किती, औषधं किती, कुणाच्या मुलीची फी किती. नावाच्या जागी आकडा असेल, कुटुंब क्रमांक एक, दोन, तीन. वही इथे आहे, तू आलास की उघडून बघ.

आणि हे सगळं मिस्साच्या बाहेरचं आहे असं मला वाटत नाही. इ. स. १५५च्या सुमारास संत जस्टिन यांनी रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. वाचन, प्रवचन, भाकर आणि द्राक्षारस, आणि त्याला लागूनच वर्गणी. ज्याला जमेल त्याने द्यायचं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे पाहुणे यांची सोय करायची. जे हजर नसत त्यांच्यासाठी प्रभुभोजनातला वाटा घरी पोचवला जाई. घरभेट तिथपासूनची आहे. पहाटे मी जीभ पुढे करून ख्रिस्तप्रसाद घेतो तेव्हा मीही घेणाराच असतो आणि तिथे माझा फोटो कुणी काढत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी पन्नास वर्षं कुणाला सांगितलेली नाही. आपण सातवी-आठवीत असू. शनिवारी पहाटे मी बाबांबरोबर फुलांची टोपली घेऊन पहिल्या लोकलला निघायचो. तुमच्या वाडीच्या कोपऱ्यावर ती म्हातारी राहायची. विहिरीच्या पाळीवरून तुमच्या आजोबांचं आणि तिच्या नवऱ्याचं भांडण झालं आणि दोन घरांचं बोलणं बंद होतं. तो मेल्यावरही बंदच. एका शनिवारी कंदिलाच्या उजेडात मला तुझी आई दिसली. तिने म्हातारीच्या कडीला पिशवी अडकवली. वर केळी होती, खाली काहीतरी जड, तांदूळच असणार. मला बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. पुढच्या शनिवारीही दिसली. म्हातारी जाईपर्यंत, म्हणजे चार पावसाळे, मी ती पिशवी कडीला पाहत आलो. तुझ्या आजोबांना कळलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही, आणि म्हातारीला कोण ठेवतं ते कळलं होतं की नाही, देव जाणे. बाबांनी मला स्टेशनवर एवढंच सांगितलं, "बघितलंस ना? आता विसर."

मी विसरलो नाही, पण बोललोही नाही. काल कबरीपाशी उभा असताना मी तिला म्हटलं, आता पोराला सांगतो. तिच्या नावाचा बॅनर लावायला माझा हात का उठत नाही, ते तुला आता कळेल. मुलांना दाखवायला तुला काहीतरी हवंय ना? त्यांना ही गोष्ट सांग.

पंचवीस हजारांचं असं ठरवलंय. शिंपीकाकांच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, त्यातले काही तिकडे. बाकी तीन घरांचं नाताळपर्यंतचं धान्य आणि एका मुलीची बारावीची फी. सगळं घरी नेऊन द्यायचं, अंधार पडल्यावर. १६ तारखेला मिस्साच्या अर्पणात फक्त एक तांदळाची टोपली वेदीपाशी जाईल, नाव कुणाचंच नाही. सभेत अजून सगळ्यांना पटलेलं नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा बोलेन.

काका इस्टरनंतर परत यायला लागले आहेत. शेवटच्या बाकावर, टोकाला. मिस्सात एकमेकांना शांती देण्याच्या वेळी मी मागे वळतो आणि आम्ही एकमेकांना हात जोडतो.

तू डिसेंबरात येतोयस, तर एक सोमवार माझ्यासाठी ठेव. माझ्या जोडीदाराचे गुडघे हल्ली जिने चढू देत नाहीत, म्हणून जोडीला तू चल. हातात काही आणू नकोस. काका चहा करतील, फार गोड असतो, पण प्यायचा. तिकीट काढलंस की कळव. तुझी आखूड बाही त्यांना आठवते का, ते मी तोवर विचारून ठेवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शाळेच्या आणि देवळाच्या बाकावरचा सोबती