नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र : धुळ्याच्या गल्ल्यांचं काय करताय साहेब?

मा. नगरविकास मंत्री साहेब, स.न.

धुळ्यात हेरिटेज हा शब्द काढला की लोक हसतात, म्हणतात इथे काय अजिंठा आहे का. पण 1818 ला पेशवाई गेली, 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचं मुख्यालय इथे आणलं आणि सरळ रस्ते आखून नवी पेठ बसवली, आम्ही आजही पत्ता सांगताना गल्ली नंबर 4, गल्ली नंबर 5 असंच सांगतो. दोनशे वर्षांची ही आखणी हाच आमचा वारसा साहेब, आणि तिच्यातले वाडे.

आमचाही होता. सागवानी खांब, वर मातीचं धाबं. मे महिन्यात बाहेर 44 डिग्री असताना माजघरात पंख्याशिवाय झोप लागायची, रात्री आजी म्हणायची, "चाल धाबावर, हवा लागस." मग बिल्डरचा रेट आला. सहा हिस्सेदार, कोणी पुण्याला कोणी सुरतला, सगळ्यांनी सह्या केल्या, मीपण केली, खोटं कशाला बोलू. जेसीबीने दोन दिवसांत सपाट, लाकूड व्यापाऱ्याने ट्रक भरून नेलं. एका खांबाखालचा दगड तेवढा कडेला पडलाय, त्याच्या चौकोनी खाचेत पाणी साचतं, चिमण्या येऊन पितात.

म्हणून नुसत्या बिल्डरला शिव्या देऊन उपयोग नाही. दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकायची, वाळवी बघायची, भाडेकरू जुन्याच भाड्यात, वाडा ठेवणाऱ्याला मिळतं काय? 2020 च्या युनिफाइड डीसीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, हेरिटेज यादी, समिती, टीडीआर (वाडा राखल्यामुळे जे बांधकाम करता येत नाही, ते दुसरीकडे वापरायचा किंवा विकायचा हक्क) सगळं लिहिलंय. मग धुळ्याची यादी असेल तर चौकात लावा, नसेल तर करा, आणि टीडीआर म्हणजे काय ते वाडेवाल्यांना मराठीत समजावून सांगायला माणूस पाठवा. पाडायचाच असेल तर आधी मोजमाप, नकाशा, फोटो, मगच परवानगी. इतिहासाचार्य राजवाडे 1926 ला इथेच गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ गावात आहे, तिथल्या जाणत्यांना या कामाला घ्या, मुंबईचा सल्लागार नको (तो दुपारी दोनच्या उन्हात गल्ली नाही फिरणार).

आमच्या गल्लीत अजून 9 वाडे उभे आहेत, मी मोजलेत. दोघांच्या दारावर बिल्डरचा बोर्ड लागलाय, दिवाळीनंतर काम सुरू होणार म्हणतात. त्याआधी जमलं तर बघा.

आपला,
सही करून बसलेला एक धुळेकर