ऑपरेशन इतक्यात नाही, बंड्या

कोल्हापूर,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा आई शेजारीच मेथी निवडत होती, म्हणून "हां, बघू, बोलतो नंतर" करून ठेवला. तू तिकडं चिडला असणार. "एवढा मोठा डॉक्टर सांगतोय, दुर्बिणीतनं प्रोस्टेट, ती मूत्राशयाखालची ग्रंथी, खरवडून टाकू, तर टाक की! विषय संपव." हे तुझं 'विषय संपव' तेव्हापासून डोक्यात घोळतंय. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर अर्धं वाचून अंगठा पाठवशील, म्हणून पत्र. लिहायला बसलोय असं म्हणणार होतो, पण बसण्याचीच तर बोंब आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर वही ठेवून उभ्यानं लिहितोय. अक्षर गोड मानून घे.

आधी नेमकं काय दुखतं ते. लहानपणापासून एका ताटात जेवलो आपण, पण हे तुला मी धड कधी सांगितलंच नाही. सायकलवर बसल्यावर सीट जिथं टेकते ना, ती जागा. तिथं आत मोठी गोटी अडकलीय आणि आपण तिच्यावरच बसलोय असं वाटतं. तिथनं कळ कधी ओटीपोटात जाते, कधी जांघेत, कधी पार लघवीच्या जागेच्या टोकाला. लघवी करून आलो तरी पाच मिनिटांत परत जावंसं वाटतं. सकाळी उठतो तेव्हा जवळजवळ काहीच नसतं. बँकेत खुर्चीत बसलो की हळूहळू सुरू होतं आणि कॅश टॅली करायच्या वेळेपर्यंत डोळ्यांपुढं आकडे नाचायला लागतात. रात्री आडवा झालो की उतरतं. दुखण्यानं झोपमोड मात्र कधी झाली नाही. आणि गंमत बघ, खुर्चीवर दुखतं, कमोडवर नाही! हे कुणाला सांगायचं म्हटलं तरी हसू येतं, पण पुढं हीच गोष्ट कामाला आली. थांब, सांगतो.

बँकेत सगळ्यांची समजूत आहे की मला मूळव्याध आहे. मध्ये भोक असलेली उशी खुर्चीवर दिसली की दुसरं काय समजणार? मीही समजू दिलंय. मूळव्याधीला समाजात एक प्रतिष्ठा आहे रे! सुरण खा, ताक पी, अमुक गावच्या वैद्याकडं जा, असे आपुलकीचे सल्ले मिळतात. खरं सांगितलं असतं तर एसटी स्टँडमागच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज'वाल्यांचे नंबर मिळाले असते. अवघड जागचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात तसं झालंय. जावयाच्या जागी तू, मेडिकलवाला.

आता तुझ्याच धंद्यातलं. पहिल्या डॉक्टरांनी 'प्रोस्टेटला सूज' म्हणून लिव्होफ्लॉक्सासिनचा महिनाभराचा कोर्स दिला. तो संपल्यावर पुन्हा एक, वेगळ्या नावाचा. लघवीचं कल्चर पहिल्यापासून स्वच्छ होतं. जंतू सापडलेच नाहीत, पण औषध जंतूंचंच चालू. दुसऱ्या कोर्समध्ये टाचेमागची शीर अशी धरली की जिना उतरताना कठडा सोडवेना. तू रोज विकतोस ना या गोळ्या, मग तुला माहीत असेल की या गटाच्या औषधांनी स्नायूंच्या दोऱ्या दुखावतात, तुटूही शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ साली त्यांच्यावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. मी गोळ्या बंद केल्या. टाच बरी झाली, मूळ दुखणं होतं तिथंच.

मग प्रोस्टेटची रक्ततपासणी (पीएसए), सोनोग्राफी, एमआरआय. सगळं नॉर्मल. कॅन्सर नाही हे कळलं, त्या रात्री बायकोनं देवापुढं साखर ठेवली. पण नॉर्मल रिपोर्टची फाइल घेऊन दुखत दुखत घरी येणं म्हणजे काय असतं ते तुला सांगून कळायचं नाही. डॉक्टरसुद्धा एक्स-रे बोर्डाकडं बघत म्हणाले, "काहीच नाही की हो तुम्हाला."

पुण्याचे दुसरे युरोलॉजिस्ट भेटले तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेनं, एनआयएचनं, १९९५ साली प्रोस्टेटायटिसचे, म्हणजे या प्रोस्टेटच्या सुजेचे, चार प्रकार पाडलेत. पहिले दोन जंतूंचे. चौथ्याचा पेशंटला पत्ताही नसतो. तिसरा आमचा: जंतू नाहीत, पण ओटीपोटाखालचं दुखणं महिनोन् महिने. दहातले नऊ पेशंट या तिसऱ्यातच मोडतात म्हणे. म्हणजे मी काही जगावेगळा नाही. आणि यात बऱ्याचदा दुखणं प्रोस्टेटचं नसतंच. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची जी झोळी असते, ती आवळून बसलेली असते, नाहीतर तिथली नस चिडलेली असते. प्रोस्टेट बिचारी शेजारी राहते म्हणून संशय तिच्यावर.

त्यांनी मला दोन अभ्यास सांगितले, ते लिहून ठेवलेत. २००४ साली १९६ पुरुषांना सिप्रोफ्लॉक्सासिन (जंतूंचं औषध) आणि टॅमसुलोसिन (लघवीची वाट सैल करणारं) सहा आठवडे देऊन पाहिलं, वेगवेगळं आणि एकत्रही. नुसत्या पिठाच्या गोळ्यांपेक्षा म्हणावा असा फरक नाही. २००८ साली अल्फुझोसिन, टॅमसुलोसिनच्याच जातीचं, २७२ जणांना बारा आठवडे देऊन पाहिलं. औषधवाले आणि पिठाच्या गोळीवाले, दोन्हीकडं सारखेच, निम्म्याच्या आसपास बरे वाटलेले. हे ऐकल्यावर तिसरा कोर्स घ्यायचा प्रश्नच उरला नाही.

आता तुझं ऑपरेशन. ग्रंथी वाढून लघवी अडते अशा म्हाताऱ्या माणसाला दुर्बिणीचं ऑपरेशन वरदान आहे. माझ्या मामांचं झालं, आता ते ठणठणीत गावभर फिरतात. पण माझी ग्रंथी वाढलेली नाही, लघवीची धार चांगली आहे. नुसत्या दुखण्यासाठी ती खरवडायला कुठलीच मार्गदर्शक सूचना सांगत नाही. शिवाय त्यानंतर बहुतेकांचं वीर्य उलटं मूत्राशयात जातं, ते कायमचं. आणि दुखणं राहिलंच तर? खरवडलेली ग्रंथी परत लावता येत नाही. "एवढे मोठे डॉक्टर" असं तू म्हणालास. मोठे आहेतच. पण ज्याच्या हातात दुर्बीण असते त्याला दुर्बिणीचं काम दिसतं. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्यांनी मला तपासायला पाच मिनिटं दिली आणि स्नायूंना हातसुद्धा लावला नाही, एवढंच म्हणतोय.

दुसरा रस्ता नसेचा. कमोडवाली गोष्ट आठवते? पुण्याच्या डॉक्टरांनी ती ऐकल्यावर पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. प्युडेंडल नावाची एक नस आहे, ती कुल्ह्याच्या आतनं एका अरुंद बोगद्यातनं पुढं येते. ती अडकली की बसल्यावर दुखतं, आणि कमोडवर मधली जागा मोकळी राहते म्हणून दुखत नाही. फ्रान्समधल्या नांत शहरातल्या डॉक्टरांनी हे ओळखायच्या पाच खुणा ठरवल्यात: त्या नसेच्या हद्दीतच दुखणं, बसल्यावर वाढणं, रात्री झोपेतनं न उठवणं, तपासणीत त्वचा बधिर नसणं, आणि त्या नसेला भुलीचं इंजेक्शन दिल्यावर उतार पडणं. पहिल्या चार माझ्यात आहेत. पाचवी इंजेक्शन घेतल्याशिवाय कळणार नाही. नस मोकळी करायचं ऑपरेशनही असतं. फ्रान्समध्येच २००५ साली ३२ जणांवर अभ्यास झाला, त्यात वर्षभरानं ऑपरेशनवाल्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त सुधारले, न केलेल्यांतले तेरा टक्के. आकडा वाचून माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू! पण ३२ जण म्हणजे आपल्या दहावीच्या एका तुकडीपेक्षाही कमी. आणि ते सगळे निवडून घेतलेले, नस अडकल्याची खात्री झालेले. माझी ती खात्री अजून झालेली नाही.

म्हणून मी क्रम लावलाय. जे उद्या बंद करता येतं ते आधी, जे कापल्यावर परत जोडता येत नाही ते सगळ्यात शेवटी. बँकेत कर्जाच्या फायली बघून बघून ही सवय लागलीय म्हण हवं तर.

तर सध्या काय चाललंय? फिजिओ. नाक मुरडू नकोस. पाठीला शेक देऊन पाठवणारं फिजिओ नव्हे हे. पुण्यात एक बाई आहेत, मुख्यतः बाळंतपणानंतरच्या बायकांवर उपचार करतात, पुरुषही घेतात. पहिल्या दिवशी मी टेबलावर कुशीवर झोपलो, त्यांनी हातमोजा चढवला, काय करणार ते एकेक वाक्य आधी सांगितलं, आणि गुदद्वारातनं एक बोट घालून आतले स्नायू चाचपले. लाजेनं कानशिलं तापली होती. डाव्या बाजूला एका ठिकाणी त्यांनी हलकं दाबलं आणि माझं रोजचं दुखणं जसंच्या तसं उठलं, टोकाला जाणाऱ्या कळेसकट. मी ओरडलो, "हेच! हेच ते!" इतक्या महागड्या मशिनींना जे दिसलं नाही ते एका बोटाला सापडलं. तिथं त्या बराच वेळ दाब धरून बसल्या, मी पोटात श्वास सोडत राहिलो, आणि कळ विरत गेली. बाहेर येऊन रिक्षात बसलो तर शिवाजीनगरपर्यंत दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आलं, ते सोड.

त्यांनीच सांगितलं की इंटरनेटवर बघून मी जे केगल करत होतो ते आधी थांबवा. आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायचा व्यायाम! मला सोडायला शिकायचंय. सकाळ-संध्याकाळ उताणं पडून, गुडघे छातीशी घेऊन, श्वास खाली ओटीपोटापर्यंत न्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. करून बघ, मग कळेल की आपण दिवसभर बूड आवळूनच हिंडत असतो, साहेबासमोर तर जास्तच. या उपचाराचा अमेरिकेत ४७ जणांवर छोटा अभ्यास झालाय, २००९ साली छापून आला. आतनं स्नायू सोडवणाऱ्या उपचारानं ५७ टक्क्यांना बरं वाटलं, साध्या मसाजनं २१ टक्क्यांना. हाही आकडा लहानच, पण यात बिघडण्यासारखं काही नाही, फक्त वेळ आणि पुण्याचं भाडं जातं.

जोडीला रात्री ॲमिट्रिप्टिलिन, १० मिलिग्रॅम. गोळ्यांचं पाकीट बघून बायको घाबरली, "ही तर डिप्रेशनची गोळी." तेव्हा डॉक्टरांनी तिला नीट समजावलं की इतक्या कमी डोसात ती चिडलेल्या नसांसाठी देतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी डोकं जड असतं आणि पोट साफ होत नाही. या दुखण्यात कुंथणं म्हणजे केल्या कामावर पाणी, म्हणून इसबगोल सुरू केलंय. तुझ्याकडनं घेत नाही म्हणून रागावू नकोस.

दर महिन्याला एक प्रश्नपत्रिकाही सोडवतो, एनआयएचचीच. दुखणं, लघवी आणि जगण्यावरचा परिणाम मिळून ० ते ४३ गुण, जितके कमी तितकं चांगलं. सहा गुणांनी उतरलं तर खरा फरक मानतात. माझे पहिल्यांदा २९ आले होते, आता २४. म्हणजे अजून म्हणावा असा फरक नाही. पण गेल्या महिन्यात मी पहिल्यांदाच ब्रँच मॅनेजरची अख्खी मीटिंग बसून काढली. ते गुणांत कुठं धरतात कोण जाणे.

बायकोबद्दल तू विचारलं नाहीस, पण विचारायचं होतं हे कळलं मला. जवळ आल्यानंतर दोन दिवस ठणकतं, म्हणून मी टाळायला लागलो. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. एका रात्री रंकाळ्यावर चालता चालता तिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग आधी बोलायचं की." आता बरं आहे. फिजिओबाईंकडं पुढच्या खेपेला तीही येणार आहे.

दिवाळीपर्यंत हे असंच चालवायचं. तोवर सहा गुण उतरले नाहीत तर नसेचं इंजेक्शन घेईन. त्यानं उतार पडला तर नसेच्या ऑपरेशनचा विचार करीन, आणि तेही दोन डॉक्टरांचं मत घेऊन. प्रोस्टेटला हात नाही. यावर तुला भांडायचं असेल तर भांड, पण आईसमोर फोनवर नको.

आणि आता काम. चिमीच्या साखरपुड्याला आम्ही सगळे येतोय. मला पंगतीत मांडी घालून बसवू नकोस, आग्रह करायला पोरांना पाठवू नकोस, मी उभ्यानं ताट घेईन. कुणी विचारलं तर मूळव्याध सांग. दुसऱ्या दिवशी मला पुण्याला जायचंय आणि एसटीच्या सीटवर एवढा वेळ माझ्यानं निघणार नाही. तुझी गाडी काढशील का? मागची सीट रिकामी ठेव, मी आडवा पडून येईन. तू गाडी चालव आणि मला शिव्या घाल. डिझेल आणि साताऱ्याचा चहा माझ्याकडं.

काका-काकूंना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझा,
आप्पा